पत कोणाची? उद्योजकतेचे अर्थशास्त्र आणि तारापूरचा इतिहास

बोईसरला आमच्या वस्तीतला एक मुलगा मागच्या वर्षी कर्जाची फाईल घेऊन माझ्याकडे आला. बी.कॉम. झालेला. तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार म्हणून चार वर्षे पॅकिंगमध्ये राबलेला. त्याला पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचे छोटे युनिट टाकायचे होते. कोणत्या कारखान्याला महिन्याला किती खोके लागतात, कागद कुठून येतो, माल उशिरा आला की लाईन कशी थांबते, हे सगळे त्याला तोंडपाठ. बँकेत तीन प्रश्न विचारले गेले. जागा स्वतःची आहे का? मार्जिन मनी कुठून आणणार? जामीनदार कोण? तिन्हींना उत्तर नव्हते. तारणाशिवाय कर्जाच्या हमी योजना कागदावर असतात, पण त्या शाखेत त्यांचे नावही कोणी काढले नाही. फाईल परत आली.

जाताना तो म्हणाला, "दादा, कॉलेजात शिकवलं होतं, जोखीम घेतो तो उद्योजक. मी घ्यायला तयार आहे ना जोखीम. पण घेऊ देतंय कोण?"

त्याच्या या प्रश्नाला विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या उद्योजकतेच्या अर्थशास्त्रात उत्तर नाही. म्हणूनच हा लेख. माझे म्हणणे सरळ आहे. आपल्याकडे उद्योजकता शिकवताना धाडस, कल्पकता, जिद्द असे माणसाचे गुण शिकवले जातात. इतिहास मात्र सांगतो की धाडस सगळ्या समाजांत असते, पत मात्र सगळ्यांना मिळत नाही. मराठीत 'पत' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, बाजारातली उधारी आणि समाजातली इज्जत. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले, याचा अभ्यास म्हणजेच आपल्या देशातल्या उद्योजकतेचा अभ्यास.

बाबासाहेबांची बंद पडलेली पेढी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून परतले. तोवर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्राचीन भारतीय व्यापारावर एम.ए.चा प्रबंध लिहिला होता आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण सुरू केले होते. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आले, हा प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईत येऊन त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

बाबासाहेबांनी धंदा सुरू केला. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी त्यांनी काढली. त्या काळी मुंबईत अर्थशास्त्राचे इतके शिक्षण घेतलेली किती माणसे असतील? ज्ञान होते, बाजार होता, गिऱ्हाईकही यायला लागले होते. मग सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे लोकांना कळले. गिऱ्हाईक यायचे थांबले आणि पेढी बंद पडली. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात ही हकीकत आलेली आहे.

आता पाठ्यपुस्तकाच्या भाषेत या पेढीचे मूल्यमापन करून बघा. उद्योजकाकडे दूरदृष्टी होती का? होती. कौशल्य? होते. जोखीम घेतली? घेतली. बाजारातली संधी ओळखली? ओळखली. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण, आणि तरी धंदा बुडाला. कारण जो रकाना पुस्तकात नव्हता, त्याच रकान्यात निकाल लागला होता.

पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ साली स्थापन झालेले हे कॉलेज वाणिज्य शिक्षणासाठीच काढलेले. मुंबईच्या व्यापारी घराण्यांतली मुले तिथे शिकत होती. म्हणजे जातीमुळे ज्याची पेढी बंद पडली, तोच माणूस व्यापाऱ्यांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवत होता. आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी बाबासाहेबांनी प्यायला काही सहकारी प्राध्यापकांनी आक्षेप घेतला होता. वर्गात ज्ञानाला मान होता, पाण्याच्या भांड्यापाशी तो संपत होता.

१९२० मध्ये राहिलेले शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला गेले. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपये यांवर हा प्रवास झाला. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञालाही पैसा मिळाला तो मैत्रीतून आणि आस्थेतून. बाजाराच्या लेखी त्याची पत नव्हती.

पुस्तकात काय आहे आणि काय गाळले आहे

उद्योजकतेच्या सिद्धान्तांचा इतिहास साधारण रिचर्ड कँटिलॉनपासून सुरू होतो. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये छापला गेला. ठरलेल्या भावाने विकत घ्यायचे आणि पुढे काय भाव मिळेल हे माहीत नसताना विकायचे, असे जो करतो तो त्याच्या लेखी उद्योजक. या व्याख्येत त्याने छोट्या दुकानदारांपासून भिकाऱ्यांपर्यंत अनेकांना बसवले होते. ती व्याख्या खरी मानली तर बोईसर स्टेशनबाहेर पाटीत जांभळे आणि रानभाज्या घेऊन बसणारी आदिवासी बाई पहिल्या नंबरची उद्योजक ठरते. पहाटेच्या गाडीचे भाडे ठरलेले, विक्रीचा भाव अनिश्चित. पण कोणत्या कॉलेजच्या पुस्तकात तिचा फोटो बघितला आहे?

मग येतो जोसेफ शुम्पीटर, १९११. जुन्या गोष्टी नव्या रीतीने जुळवून आणणारा, बाजाराची घडी मोडून नवी बसवणारा तो उद्योजक, ही त्याची मांडणी प्रत्येक गाईडमध्ये आहे. पण शुम्पीटरने त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती गाईडमध्ये सहसा नसते. तो म्हणतो की पैशाची जोखीम उद्योजक उचलतच नाही, ती पैसे देणारा उचलतो. नवा उद्योग उभा राहायचा तर आधी कोणीतरी पत द्यावी लागते, म्हणून बँकर हा त्या सगळ्या खेळातला दाराशी उभा असलेला माणूस आहे. सिद्धान्ताचा अर्धा भाग उद्योजकाचा आणि अर्धा बँकरचा. आपल्या मुलांना पहिला अर्धा शिकवला जातो आणि दुसऱ्या अर्ध्याची गाठ त्यांना थेट बँकेच्या काउंटरवर पडते.

फ्रँक नाइट याने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जिचा हिशेब मांडता येतो, विमा उतरवता येतो ती जोखीम. जिचा हिशेबच करता येत नाही ती अनिश्चितता, आणि ती पेलण्याचा मोबदला म्हणजे नफा. हे लक्षात ठेवा, तारापूरच्या खाडीवर गेल्यावर पुन्हा लागेल.

भारतात या विषयाला जे वळण लागले, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड याच्यामुळे. काही समाज पुढे जातात कारण त्यांच्यात काही करून दाखवण्याची ओढ जास्त असते, असे त्याने १९६१ च्या ग्रंथात मांडले. १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा येथे छोट्या व्यावसायिकांना ही ओढ वाढवण्याचे प्रशिक्षण देण्याचा प्रयोग झाला. पुढे गुजरातेत १९७० च्या सुमारास उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले, १९८३ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय पातळीची संस्था निघाली, १९८८ मध्ये औरंगाबादला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आले. प्रशिक्षणाने काहींचे भले झाले, हे मी नाकारत नाही. पण या वाटेने एक समज पक्का झाला की ज्याच्या हातून धंदा होत नाही, त्याच्या मनातच काहीतरी कमी आहे. हा तर जुनाच सूर. पूर्वी आमचे कर्म कमी पडत होते, आता आमची प्रेरणा कमी पडते.

दुसरी वाटही उपलब्ध होती आणि ती आपल्या पुण्यातच होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी १९५९ मध्ये आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावर पुस्तक लिहिले. व्यापारी वर्ग कोणत्या समुदायांतून आला, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न इतिहासाचा आणि समाजशास्त्राचा आहे. त्याला मनोविकासाच्या शिबिरात उत्तर मिळत नाही.

विणकरांकडे ठेव ठेवणारा जावई

कोणी म्हणेल, तुमच्या समाजांना व्यापाराची परंपराच नव्हती, त्याला कोण काय करणार? परंपरेचीच गोष्ट काढायची तर आपल्या जिल्ह्यातून सुरुवात करू.

आजच्या पालघर जिल्ह्यातले सोपारा हे प्राचीन बंदर. इथल्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे इथे सापडले. बौद्ध परंपरेतला पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी, जो पुढे भिक्खू झाला. नाशिकच्या लेण्यांमध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे. एका लेखात त्याने कोणत्या नद्यांवर फुकट नावांची सोय केली ते सांगितले आहे. त्या यादीत दमणा आहे, तापी आहे आणि डाहणुका आहे. आपल्या डहाणूची नदी! त्याच लेखात सोपाऱ्याचाही उल्लेख आहे.

त्याच लेण्यातला दुसरा लेख आपल्या विषयासाठी फार मोलाचा आहे. उषवदाताने भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. कोणाकडे? सावकाराकडे नाही, राजाच्या खजिन्यातही नाही. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. अभ्यासक हा दर दरमहाचा धरतात. मुद्दल काढायचे नाही, व्याजातून भिक्खूंना चीवर द्यायचे, आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवायचा.

याचा अर्थ काय होतो? मागावर बसणारे कारागीर त्या काळी बँक होते. राजाचा जावई आपला पैसा त्यांच्या हाती सुरक्षित समजत होता. जो हाताने काम करतो त्याची पत होती. काम आणि पत यांची फारकत पुढे झाली, आणि ती जातीने केली.

ही फारकत किती खोल गेली ते मुंबईच्या गिरण्यांत दिसते. गिरणीत चांगली मजुरी होती विणखात्यात, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श सवर्ण कामगारांना चालत नव्हता. १९२८–२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आपण तो मजुरीचा प्रश्न म्हणून वाचतो. तो उद्योजकतेचाही प्रश्न आहे. छोटा कारखानदार बऱ्याचदा कुशल कामगारातून तयार होतो. ज्याने माग चालवला तो उद्या दोन यंत्रमाग टाकण्याचे स्वप्न बघू शकतो. विणखात्याचे दार बंद म्हणजे त्या शिडीची पहिली पायरीच काढून घेतली. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या विणकामाला ठेवी मिळत होत्या, त्याच विणकामाच्या धाग्याला तोंड लावायची आमच्या आजोबांना बंदी होती.

१९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात, जे लाहोरला त्यांना करूच दिले नाही, बाबासाहेबांनी हेच अर्थशास्त्राच्या भाषेत मांडले. जात माणसाला धंदा बदलू देत नाही, आणि म्हणून बेकारीचे ती एक थेट कारण ठरते. उद्योजकतेच्या कोणत्याही अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण हे असायला हवे.

याला एक अपवादही सांगतो, कारण तो फार शिकवून जातो. महात्मा जोतीराव फुले हे कंत्राटदार होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले, पुण्यात त्यांची कंत्राटाची कंपनी होती, ओतकामाला लागणाऱ्या साहित्याच्या विक्रीची एजन्सी होती. मुंबईतले कितीतरी तेलुगू कंत्राटदार सत्यशोधक समाजाचे आधारस्तंभ होते. जोतीरावांना हे का जमले? गुण होतेच. पण त्यांचे मोठे गिऱ्हाईक सरकारी बांधकाम होते, जिथे दगड-चुना मोजून घेतला जाई. पहिले गिऱ्हाईक सरकार असेल तर जातीचा अडसर थोडा सैल होतो. हा धडा पुढे उपयोगी पडणार आहे.

तारापूर: जोखीम कोणाची, नफा कोणाचा

आता आपल्या गावाकडे येऊ. स्वातंत्र्याच्या आधी या पट्ट्यात पत या शब्दाचा अर्थ काय होता? सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी १९३८-३९ च्या सुमारास मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल केला. सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या कचाट्यातली वेठ त्यात नोंदलेली आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे सावकाराकडे राबायचे, त्या लग्नगड्याची गोष्ट गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवली आहे. म्हणजे वारल्याला कर्ज मिळत नव्हते असे नाही. मिळत होते, पण ते माणूस बांधून ठेवण्यासाठी. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली एकत्र आले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. ज्या भागात एका पिढीपूर्वी कर्ज म्हणजे गुलामी होती, तिथल्या माणसाला 'तुझ्यात जोखीम घेण्याची वृत्ती नाही' असे कोणी म्हटले तर त्याने आधी इतिहास वाचावा.

मग विकास आला. १९६१ च्या कायद्यानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. १९६४ मध्ये राज्याने उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. १९६६ मध्ये सिकॉम आली. १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज सुरू झाली, आणि सत्तरच्या दशकापासून बोईसरभोवती औद्योगिक वसाहत वाढत गेली. औषधे, रसायने, कापड, पोलाद.

या यादीकडे उद्योजकतेच्या विद्यार्थ्याने नीट बघावे. तारापूरच्या कारखानदाराला आखलेला भूखंड सरकारने दिला. रस्ता आणि वीज सरकारने दिली. सूर्या नदीचे पाणी सरकारने आणले. सवलती आणि कर्जाची सोय सरकारी महामंडळांनी केली. आणि जमीन? ती सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सरावली अशा गावांच्या शिवारातून आली. एवढे सगळे पायाशी आणून दिल्यावर जो कारखाना चालवतो त्याला आपण स्वबळावर उभा राहिलेला उद्योजक म्हणतो. आणि ज्याच्या शिवारातून हे सगळे आले, त्याच्या मुलाला सांगतो की सरकारवर अवलंबून राहू नकोस, उद्योजक हो!

सूर्या प्रकल्पाची धामणी आणि कवडास ही धरणे आदिवासींच्या शेतीला पाणी मिळेल म्हणून सांगितली गेली होती. त्यांचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या वाट्याला गेले. अणुकेंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि पुनर्वसनासाठी लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आता नाइटची अनिश्चितता आठवा. जिचा हिशेब करता येत नाही ती अनिश्चितता पेलतो, म्हणून उद्योजकाला नफा. तारापूरला ही अनिश्चितता कोण पेलतो? कारखान्याच्या इमारतीचा विमा असतो. नवापूर-दांडीच्या खाडीत उद्या मासळी मिळेल की नाही, याचा विमा मांगेला मच्छीमाराकडे नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण पडले आणि देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत ते पहिले आले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, तेव्हा कुठे पर्यावरणीय भरपाईचा हिशेब सुरू झाला. रात्रपाळीत रिॲक्टरजवळ उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचा जीव ही तर सगळ्यात मोठी जोखीम, आणि ताळेबंदात तिचा रकानाच नाही. नफा भूखंडधारकाचा, अनिश्चितता खाडीची आणि पाड्याची. विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये उद्योजकतेचे उत्पादक, अनुत्पादक आणि विध्वंसक असे तीन प्रकार सांगितले. समाजाचे नियम ज्याला मोबदला देतात, तिकडे उद्योजक वळतो, असे त्याचे म्हणणे. सांडपाणी शुद्ध करण्यापेक्षा सोडून देणे स्वस्त पडत असेल तर काय होणार, हे कळायला अमेरिकेला जायची गरज नाही. तारापूरच्या नाल्यावर उभे राहिले की पुरे.

आणि इथे उद्योजकता नव्हतीच असे नाही. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था उभ्या करून पापलेटचा धंदा सांभाळला. चिंचणी-वाणगाव भागात दागिन्यांचे ठसे कोरण्याचा, म्हणजे डाय मेकिंगचा धंदा घराघरांत हाताच्या कौशल्यावर चालत आला. वारली चित्रकला जिव्या सोमा म्हसे यांनी गंजाडहून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज ती चित्रे चादरीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवर आहेत. कल्पकता वारल्यांची. ती छापून विकण्याचा बाजार मात्र बहुतेक दुसऱ्यांच्या हाती. शुम्पीटरच्या सिद्धान्ताचा तो गाळलेला अर्धा भाग इथे पुन्हा समोर येतो.

आपल्यातला वाद

हे लिहितो तेव्हा आपलेच काही साथी विचारतात, बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी असे मांडले. मग आपण उद्योजकतेच्या मागे का लागायचे? दुसरीकडे २००५ मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाल्यापासून काहीजण म्हणतात की भांडवल हेच जातीवरचे औषध.

मला दोन्ही टोके अपुरी वाटतात. २००५ च्या आर्थिक गणनेनुसार देशातल्या उद्योगांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे होते ९.८ टक्के, लोकसंख्येतला वाटा १६.४ टक्के. अनुसूचित जमातींच्या मालकीचे ३.७ टक्के. ही तूट दोन-चार दलित कोट्यधीशांच्या मुलाखतींनी भरून निघणार नाही. पण आपला समाज कायम मजूरच राहावा, असेही बाबासाहेबांना कधी वाटले नाही. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी शेतीवरचा बोजा कमी करायला औद्योगिकीकरण हवे असे सांगितले. राज्याची जबाबदारी आणि आपला उद्यम या त्यांच्या विचारात एकमेकांच्या विरोधी गोष्टी नव्हत्या. जोतीरावांच्या उदाहरणाने तर हेच दाखवले की राज्य गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले की बहुजनाचा उद्योग टिकतो.

म्हणूनच २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणातली तरतूद मला एखाद्या प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा महत्त्वाची वाटते. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायच्या खरेदीत ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करायची आहे. तारापूरचे अणुकेंद्र चालवणारी कंपनीही केंद्र सरकारचीच. २०१६ च्या स्टँड-अप इंडियात प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यायचे होते. सुरुवातीला त्यात २५ टक्क्यांपर्यंत मार्जिन मनी लागे, २०२१ मध्ये ते १५ टक्क्यांवर आणले गेले. ज्याच्या बापाकडे विकायला जमीन नाही, त्याला हे १५ टक्केही डोंगर असतात. पण या योजनांचा हिशेब मागता येतो, आणि तो मागणे हे चळवळीचे काम आहे.

विद्यापीठाकडे मागणे

वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प. आता पालघरच्या कॉलेजांत पुन्हा सांगितले जाईल की संधी दाराशी आली आहे, उद्योजक व्हा. मच्छीमार रस्त्यावर उतरून काय सांगत होते, ते त्या व्याख्यानात नसेल.

माझे मागणे साधे आहे. उद्योजकतेच्या अर्थशास्त्राच्या पेपरात बाबासाहेबांची बंद पडलेली पेढी शिकवा, अगदी एका उद्योगाची केस म्हणून. विणखात्याची बंदी शिकवा. उषवदाताचा लेख आणि लग्नगडी एकाच धड्यात शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे कर्ज कधी माणसाला उभे करते आणि कधी बांधते हे मुलांना कळेल. शुम्पीटरचा बँकर गाळू नका. आणि बोईसर-पालघरच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचाच असेल तर यशस्वी उद्योजकाच्या मुलाखतीऐवजी हा द्या: एमआयडीसीचे भूखंड कोणत्या समाजाच्या लोकांना मिळाले? ४ टक्क्यांतले किती या जिल्ह्यातल्या दलित-आदिवासींपर्यंत पोचले? आपल्या शाखेने स्टँड-अपची किती कर्जे दिली? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्ज करायला दहा रुपये लागतात.

तो खोक्यांच्या युनिटवाला मुलगा अजून कंत्राटावरच आहे. आम्ही पाचजण मिळून त्याची फाईल पुन्हा तयार करतो आहोत. यावेळी प्रकल्प अहवालाबरोबर हमी योजनेचा नियम जोडला आहे, आणि नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी द्या, असे पत्रही. त्याला मी सांगितले, "तुझ्यात काही कमी नाही. हा हिशेब जुना आहे, आणि तो आपण मिळून मागायचा आहे."

जय भीम!